शिक्षकाचा परवाना कोणाच्या हाती?

(पडद्यावर: जुन्या वृत्तपत्रांची कात्रणं)

१९६१. ग्लासगोतले शिक्षक संपावर. रागाचं एक मोठं कारण म्हणजे तुटवड्याच्या नावाखाली प्रशिक्षण न घेतलेली माणसं वर्गावर जात होती. चार वर्षांनी कायदा झाला आणि स्कॉटलंडमध्ये जनरल टीचिंग कौन्सिल, म्हणजे शिक्षकांची परिषद, स्थापन झाली. शिक्षकांची नोंदणी तिच्याकडे, आणि नोंदणीची फी शिक्षकांच्याच खिशातून.

डॉक्टर-वकिलांच्या परिषदा असतात, मग शिक्षकांची का नको? मागणी रास्तच. पण परवाना देणं सोपं असतं हो! पदवी तपासा, पूर्वचरित्र तपासा, शिक्का मारा. कस लागतो तो काढून घेताना.

(पडद्यावर: सुनावणीची खोली)

कॅनडातल्या ओंटारियोत १९९६च्या कायद्याने शिक्षकांचं कॉलेज स्थापन झालं. नाव कॉलेज, पण इथे वर्ग भरत नाहीत, सुनावण्या होतात. समोर तक्रार झालेला शिक्षक, शेजारी त्याचा वकील. निवाडा करणाऱ्यांत शिक्षक असतात, आणि शिक्षक नसलेले नागरिकही. सुनावणी सहसा खुली. निकाल समज देण्यापासून प्रमाणपत्र रद्द करण्यापर्यंत काहीही लागू शकतो. कोणताही पालक संकेतस्थळावर शिक्षकाचं नाव टाकून त्याच्या प्रमाणपत्राची स्थिती पाहू शकतो.

आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून तर तो बाहेरचा नागरिक तिथे हवा.

कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हेच बिनसलं. तिथल्या अशाच कॉलेजच्या निम्म्याहून अधिक जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या, आणि शिक्षक संघटना त्यासाठी आपले उमेदवार पुढे करायची. संघटनेचं काम शिक्षकाची नोकरी वाचवणं, कॉलेजचं काम विद्यार्थ्याला वाचवणं. एकाच माणसाने दोन्ही कसं करायचं? २०१०च्या अहवालाने कॉलेज संघटनेपासून स्वतंत्र नसल्याचा ठपका ठेवला, आणि २०११च्या कायद्याने ते मोडीत काढलं.

(पडद्यावर: नकाशा, इंग्लंड आणि स्कॉटलंड)

३१ मार्च २०१२. इंग्लंडची शिक्षक परिषद बारा वर्षंही पुरी न करता बंद झाली. लगेच दोन दिवसांनी स्कॉटलंडची परिषद सरकारपासून पूर्ण स्वतंत्र झाली. सीमा एकच, रस्ते उलटे! इंग्लंडमध्ये आजही शिक्षकावर बंदी घालायची की नाही, हे समिती सुचवते. आदेश निघतो तो शिक्षणमंत्र्यांच्या नावाने.