छेदात कोण बसतं?

(मंडळाच्या कार्यक्रमात झालेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं साफसूफ केलंय, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

नमस्कार. मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. मला विषय दिला होता "अमेरिकेतली आरोग्यव्यवस्था", तो मी परत केला, कारण एवढं सगळं एका संध्याकाळीत बसवायला गेले तर तुमचं जेवण राहील. त्याऐवजी एकच प्रश्न घेतलाय. इथलं सरकार म्हणतं की गरिबांसाठीचा जो मेडिकेड नावाचा विमा आहे त्यातून मिळणाऱ्या उपचारांची क्वालिटी आम्ही मोजतो. आता मोजतो म्हणजे नक्की काय मोजतो, आणि काय मोजायचं हे ठरवतं कोण? मी बरीच वर्षं हेच मेजर्स, म्हणजे क्वालिटीची मोजमापं, डेटामधून काढायचं काम करते. कमिटी एक ओळ लिहिते आणि आम्ही त्या ओळीची पाचशे ओळींची क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम, करतो. म्हणजे मी जे सांगणार ते तळमजल्यावरून दिसतं तसं आहे, हे धरून चला.

मेजर म्हणजे शेवटी अपूर्णांक. शाळेत शिकलो तोच. वर अंश, खाली छेद. यावर्षी दोन वर्षांची झालेली मुलं छेदात, त्यातली सगळ्या लशी वेळेवर मिळालेली मुलं अंशात, झाला मेजर. वाटतं की यात कमिटी कशाला लागते? थांबा जरा.

फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी मुलांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली, चिपरा म्हणतात त्याला. त्यात एक कलम होतं की १ जानेवारी २०१० पर्यंत सरकारने मुलांसाठी क्वालिटी मेजर्सचा एक मूळ संच जाहीर करायचा. म्हणजे हातात जेमतेम अकरा महिने, आणि देशात प्रत्येक राज्याचं मेडिकेड वेगळं, फॉर्म वेगळे, कोड वेगळे, सगळाच आनंद. मग एएचआरक्यू नावाची जी संशोधन बघणारी सरकारी एजन्सी आहे, मेरीलँडमध्ये रॉकव्हिलला, तिच्या सल्लागार कौन्सिलखाली एक सबकमिटी बसवली. रिटा मँजिओन-स्मिथ आणि जेफ्री शिफ हे दोन डॉक्टर तिचे सहअध्यक्ष. राज्यांच्या मेडिकेडची माणसं, बालरोगतज्ज्ञ, संशोधक, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था, सगळे एका टेबलाशी. सबकमिटी कौन्सिलला सांगणार, कौन्सिल वर सांगणार, शेवटची सही आरोग्य खात्याच्या सेक्रेटरीची, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मंत्र्याची. सल्लागार म्हणजे सल्लाच, हुकूम नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एवढी हुशार माणसं एका खोलीत बसली की काय होतं ते आपल्याला मंडळाच्या मीटिंगमुळे माहीत आहे. (हशा) ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव पास. हे टाळायला त्यांनी डेल्फी पद्धत वापरली, रँड नावाच्या संशोधन संस्थेत निघालेली, पुढे रँड आणि यूसीएलए विद्यापीठाने मिळून ती डॉक्टरी प्रश्नांसाठी बेतून घेतली. प्रत्येकाने आधी एकट्याने, घरी बसून, कोणाशी न बोलता प्रत्येक मेजरला १ ते ९ मध्ये मार्क द्यायचे. १ ते ३ म्हणजे नको, ४ ते ६ म्हणजे धड हो नाही धड नाही, ७ ते ९ म्हणजे घ्या. मग सगळे भेटतात, प्रत्येकाला दिसतं की आपण कुठे आणि बाकीचे कुठे, चर्चा होते, भांडण होतं, आणि मग परत गुप्तपणे मार्क. निकाल सरासरीवर नाही, मध्यकावर, म्हणजे सगळे मार्क क्रमाने लावले की बरोबर मधे येतो त्यावर. का? समजा नऊ जण आहेत, आठ जणांनी ८ दिले आणि एकाने रागाने १ दिला, तर सरासरी खाली येते पण मध्यक ८ च राहतो. एका माणसाच्या हट्टाला किंमत उरत नाही. मला ही युक्ती फार आवडते, आपल्या सोसायट्यांच्या एजीएममध्ये आणायला हवी.

मार्क एका गोष्टीला नाही, वेगवेगळे. पहिला, मेजर खरा आहे का, म्हणजे त्यामागे पुरावा आहे का आणि तो आकडा सुधारणं डॉक्टरच्या, दवाखान्याच्या हातात आहे का. दुसरा, तो काढता येतो का. तिसरा, एवढा महत्त्वाचा आहे का.

पहिल्याबद्दल एक किस्सा सांगते, हा मुलांचा नाही, मोठ्यांच्या हॉस्पिटलांचा आहे. न्यूमोनियाचा पेशंट आला की ४ तासांत अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे असा एक मेजर होता. पुरावा होता, जुने रेकॉर्ड तपासून केलेल्या अभ्यासांत लवकर औषध मिळालेले कमी दगावले असं दिसलं होतं. झालं काय, की छेदात येतो शेवटी न्यूमोनिया ठरलेला पेशंट, पण इमर्जन्सीत आलेला माणूस कपाळावर न्यूमोनिया लिहून येत नाही. खोकला आहे, दम लागतोय, हार्ट फेल्युअरही असू शकतं. घड्याळ तर चालू झालंय. मग एक्सरे यायच्या आधीच खोकणाऱ्याला अँटिबायोटिक, नंतर बघू. ज्यांना न्यूमोनिया नव्हताच त्यांनाही औषध मिळालं, आणि ते कुठल्याच अंशात नाहीत, छेदातही नाहीत, म्हणजे आकडा मात्र छान दिसतोय. ओरड झाली, मग ४ चे ६ तास केले, आणि शेवटी तो मेजर काढूनच टाकला.

दुसरा मार्क, काढता येतो का, हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे म्हणून इथे जरा रेंगाळते. मुलांच्या पहिल्या संचात २४ मेजर्स आले. त्यात एक होता कानाचा. लहान मुलांच्या पडद्यामागे नुसतं पाणी साठतं, तीव्र इन्फेक्शन नसतं, त्याला अँटिबायोटिक देऊ नये. पुराव्याच्या बाजूने अगदी नीट मेजर. पण तो काढायचा तर डॉक्टरने बिलावर एक जास्तीचा कोड टाकायला पाहिजे, आणि त्या कोडचे पैसे शून्य. आता सांगा, दिवसाला तीस पोरं बघणारा डॉक्टर फुकटचा कोड कशाला टाकेल? राज्यांना आकडा देताच येईना, काही वर्षांत मेजर संचातून गेला. चुकीचा होता म्हणून नाही, मोजता येईना म्हणून. मी तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं सुटलो, आणि मग वाटलं, बरं काय झालं? पोरांना औषध मिळायचं ते मिळतंच आहे.

उलट बाजू, जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं. मेडिकेडसाठी याहून महत्त्वाचं काय असणार, देशातल्या दहापैकी साधारण चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड करतं. पण वजन बिलात धड नसतं, ते जन्मदाखल्यात असतं, आणि जन्मदाखले दुसऱ्या खात्याकडे. एकाच राज्याची दोन खाती, आणि एकाचा डेटा दुसऱ्याला मिळायला करारच करार. कोर्ट-कचेरी परवडली. शेवटी मेडिकेड बघणाऱ्या केंद्राच्या सीएमएस खात्याने स्वतःच सीडीसी या सार्वजनिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेच्या जन्मनोंदींवरून हा आकडा राज्यांसाठी काढायला सुरुवात केली. मेजर तोच, पण कोणीतरी वर बसून तो काढता येण्याजोगा केला.

आणखी एक. कमिटी दुकानात जे आहे त्यातूनच निवडते. जिथे मेजरच तयार नाही, तिथे ती काय मार्क देणार? पहिल्या संचात दात होते, लशी होत्या, तपासणीच्या भेटी होत्या, पण गंभीर आजाराच्या मुलाचे चार डॉक्टर एकमेकांशी बोलतात का, याला धड मेजर नव्हता. म्हणून त्याच कायद्याखाली २०११ मध्ये नवे मेजर्स बनवायला ७ सेंटर्सना पैसे दिले गेले.

आता येते मुद्द्यावर, म्हणजे छेदावर. लशींच्या मेजरच्या छेदात प्रत्येक दोन वर्षांचं मूल येत नाही. वाढदिवसाच्या आधी सलग १२ महिने त्याचा विमा चालू असला पाहिजे, मधे फार तर एक छोटा खंड, साधारण महिना-दीड महिन्याचा, त्याहून जास्त असेल तर मूल छेदातून बाहेर. कारण रास्त आहे, जे मूल तुमच्याकडे चारच महिने होतं त्याच्या लशींचा हिशोब तुमच्याकडून कसा मागायचा? पण मेडिकेडमध्ये खंड कोणाचे पडतात? ज्या आईने घर बदललं आणि रिन्युअलचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. जिला नेमक्या रिन्युअलच्या महिन्यात ओव्हरटाइम मिळाला आणि उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं. म्हणजे ज्यांची ओढाताण सगळ्यात जास्त, तीच पोरं नेमकी आकड्यातून गळतात, आणि जी उरली त्यांच्यावर आपण टक्केवारी काढून अहवाल छापतो. मी ती क्वेरी पहिल्यांदा चालवली तेव्हा गळालेल्यांची संख्या बघून मला वाटलं माझाच जॉइन, म्हणजे दोन याद्या जुळवणं, चुकलाय. साहेबांकडे गेले तर ते म्हणाले, नाही, बरोबर आहे, असंच असतं.

माझं कमिटीशी भांडण असेल तर इथे आहे. अंशावर तासन्तास वाद घालतात, पुरावा, गाइडलाइन, किती वर्षांचं मूल. छेदाची व्याख्या परिशिष्टात जाते.

मोठ्यांसाठीचं थोडक्यात सांगते. २०१० च्या कायद्याने, ओबामाकेअरने, मोठ्या माणसांसाठीही असाच संच मागितला. पुन्हा सबकमिटी, सुमारे १००० मेजर्स समोर. डिसेंबर २०१० च्या शेवटी ५१ चा मसुदा निघाला, लोकांनी म्हणणं पाठवलं, राज्यांचा मुख्य सूर असा की आम्ही माणसं आहोत, एवढं झेपणार नाही. जानेवारी २०१२ मध्ये पक्का संच आला तो २६ चा. निम्मे गेले. गेलेले २५ वाईट होते का? सगळे नाही.

आणि मेजर काढून टाकणं हेसुद्धा निवडण्याइतकंच काम आहे. हार्ट अटॅकनंतर बीटा-ब्लॉकर हे हृदयावरचा ताण कमी करणारं औषध दिलं का, हा खाजगी क्षेत्रातल्या एनसीक्यूए संस्थेचा जुना मेजर, २००७ मध्ये काढून टाकला, कारण सगळ्यांचेच आकडे नव्वदीच्या पुढे गेले होते. ज्या परीक्षेत सगळेच पहिले येतात ती घ्यायची कशाला?

हे सगळं बरीच वर्षं ऐच्छिक होतं हं. राज्याला वाटलं तर आकडे द्या. २०१८ च्या कायद्यांनी ठरवलं की २०२४ पासून मुलांचा संच सक्तीचा, आणि मोठ्यांच्या संचातले मानसिक आरोग्याचे आणि व्यसनाचे मेजर्स सक्तीचे. आता काढता येतो का या मार्काला वेगळीच धार आलीय, कारण मेजर आत घेतला की पन्नास राज्यांच्या गळ्यात पडणार.

प्रश्न? हो, काका, बोला.

काका विचारतायत की आपल्यासारखा माणूस तिथे बोलू शकतो का. शकतो. सल्लागार कमिट्यांचा १९७२ चा कायदा आहे, मीटिंगची आधी जाहिरात करायची आणि लोकांना येऊ द्यायचं. हल्लीची आढावा कमिटीही ऑनलाइन उघड्यावर चालते, मतदान समोर होतं, एखादा मेजर घ्या किंवा काढा म्हणायला दोन तृतीयांश मतं लागतात. प्रत्येक मेजरवर मतदानाआधी लोकांना वेळ देतात. आकडे काढणारे, मेजर विकणारे, संस्थांचे प्रतिनिधी बोलतात. ज्या आईचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं ती मी तरी अजून ऐकली नाही. सूत्रसंचालक विचारतात, आणखी कोणाला बोलायचंय का, कोणी हात वर केलाय का, मग दहा-पंधरा सेकंद शांतता, आणि मग पुढची स्लाइड.