तीन नंबरची हवा

श्रोतेहो, नमस्कार. कोकणातल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, की मच्छीमार समुद्राकडे पाठ फिरवून होड्या ओढून घेतात. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन केंद्रावर मात्र 'स्थिती ३' असली, तर लोक निर्धास्तपणे कामाला लागतात; कारण तेथील क्रम उलटा आहे, आकडा जितका लहान तितका धोका मोठा. नवख्या माणसाचा घोटाळा व्हावा अशीच ही मांडणी आहे, असे मला वाटते.

या वर्गीकरणासाठी तीनच गोष्टी पाहतात : वाऱ्याचा वेग, वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारे तापमान आणि दृश्यता. वारा ४८ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ८९ किलोमीटरच्या पुढे गेला, किंवा जाणवणारे तापमान उणे ५९ अंश सेल्सिअसखाली उतरले, किंवा पाव मैलापलीकडचे दिसेनासे झाले, की 'स्थिती २' लागू होते आणि प्रवासावर निर्बंध येतात. वारा ५५ नॉटच्या पुढे गेला, किंवा जाणवणारे तापमान उणे ७३ अंशांखाली उतरले, किंवा १०० फुटांपलीकडचे दिसेनासे झाले, की 'स्थिती १'. मग इमारतीबाहेर पडण्यास मनाई.

यातला 'किंवा' हा शब्द फार मोलाचा आहे. तिन्हींची सरासरी काढली जात नाही, एकाने मर्यादा ओलांडली तरी पुरते. डोक्यावर आभाळ निरभ्र असताना आणि नवा हिम पडत नसतानाही, जमिनीवरचा भुसभुशीत हिम वाऱ्याने उधळतो आणि स्वतःचे बूट दिसत नाहीत. अशा वेळी नुसत्या थर्मामीटरवर विसंबलेला माणूस दहा पावलांत दिशा हरवून बसेल.

शिवाय सगळीकडे एकच स्थिती असते असेही नाही. वस्तीत 'स्थिती २' आणि काही किलोमीटरांवरील हिममंचावर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर, जिथे विमानांची धावपट्टी आहे, तिथे 'स्थिती १' असू शकते. दक्षिणेकडून, ब्लॅक आणि व्हाइट या बेटांमधल्या फटीतून येणाऱ्या वादळाला तिथले लोक 'हर्बी' म्हणतात. म्हणून हिममंचावरील वाटेच्या कडेने बांबूच्या काठ्यांवर लहान झेंडे रोवलेले असतात, आणि पुढचा झेंडा दिसेनासा झाला, की चालकाने गाडी थांबवायची, आतच बसून राहायचे आणि रेडिओवरून आपला ठावठिकाणा कळवायचा.