पंप कमी करताना : ट्रकच्या इंजिनाची ताकद आणि आयुष्य

(दृश्य : घाटाचा चढ, भरलेला ट्रक, सायलेन्सरमधून काळा धूर)

हा धूर म्हणजे जळायचं राहिलेलं डिझेल. एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलो हवा पुरते, पण ती कागदावर. सिलेंडरमध्ये फवारा आणि हवा मिसळायला सेकंदाचे काही हजारांश भागच मिळतात. त्यामुळे धूर काढायचा नसेल, तर हवा डिझेलच्या वीसपटीच्या पुढे लागते. रस्त्यावर मात्र उलटं चालतं. गाडी ओढत नाही, अशी तक्रार आली की पंप वाढवून घ्यायचा, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या पंपाची मात्रा वाढवायची. आपण बघणार आहोत ते याच्या उलट : ती मात्रा कमी करून इंजिनाचं आयुष्य वाढवणं.

(दृश्य : उतरवलेलं हेड, बाकावर मांडलेले पिस्टन)

आणि मग हे असं उघडावं लागतं. पिस्टनच्या माथ्यावरच्या खोलगट बाऊलच्या कडेला तडा. हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणात, दोन व्हॉल्व्हच्या मधोमध भेग. वरच्या रिंगच्या खाचेत काजळी इतकी घट्ट बसलीय, की रिंग बोटाने हलत नाही. तिन्हींच्या मुळाशी उष्णता आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तीनशे अंशांच्या पुढे ही धातू झपाट्याने नरम पडते. शेवटचं चमचाभर डिझेल ताकद थोडी वाढवतं आणि उष्णता भरपूर.

(दृश्य : इंजिनाची नेमप्लेट, जवळून)

कमिन्सचं सिक्स बीटी घ्या. जमशेदपूरच्या टाटा कमिन्समुळे हे इंजिन आपल्याकडच्या प्रत्येक ट्रान्सपोर्ट नगरातल्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलंय. सहा सिलेंडर, बोअर (सिलेंडरचा व्यास) १०२ मिलीमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२०, एकूण ५.९ लिटर. याच घराण्यातलं इंजिन बोटीत ३७० अश्वशक्तीपर्यंत विकलं गेलं. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा), कूलर, पंप वेगळे, पण मूळ ब्लॉक तोच. मात्र बोटीच्या त्या सर्वांत वरच्या रेटिंगला कंपनीचीच अट असते : पूर्ण ताकद आठ तासांत एकच तास आणि वर्षाला जेमतेम ५०० तास वापर. तासांची मर्यादा नसलेलं, अखंड चालवायचं रेटिंग हवं असेल, तर ताकद खूपच खाली येते. म्हणजे ताकद सोडून आयुष्य घेण्याचा सौदा कंपनी स्वतःच छापून देते. ट्रकवाल्याने तेच मागितलं, की दुकानात सगळे त्याच्याकडे चमकून बघतात.

या ब्लॉकला वेगळे लायनर, म्हणजे बदलता येणारी सिलेंडरची नळकांडी, नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. बोअर झिजला की तो कापून अर्धा मिलीमीटर मोठा पिस्टन (ओव्हरसाइझ), पुढच्या खेपेला एक मिलीमीटर, त्यानंतर आत नवी स्लीव्ह ठोकायची. ब्लॉकचं आयुष्य असं मोजकंच.

(दृश्य : कॅलिब्रेशनची खोली. टेस्ट बेंच, त्यावर चढवलेला इनलाइन पंप)

ताकद कमी करण्याचं खरं काम या खोलीत होतं. बेंचवर पंपात डिझेल नसतं, टेस्ट ऑइल असतं आणि ते ४० अंशांना गरम ठेवलेलं असतं. थंड तेलावर घेतलेलं माप गाडीवर जुळत नाही. वर सहा टेस्ट नोझल, खाली सहा काचेच्या नळ्या. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इंजिनाचे २५०० फेरे म्हणजे बेंचवर १२५०.

पहिला नियम : पंप न खोलता, आला तसा मोजायचा. नाहीतर आधी किती वाढवला होता ते कधीच कळत नाही. काचेच्या नळ्या एकदा भरून, रित्या करून, अर्धा मिनिट निथळू द्यायच्या आणि मगच पहिलं माप लिहायचं. कोरड्या नळीतलं माप चुकतं.

आता आकडे. समजा, इंजिन १६० अश्वशक्तीचं आहे, म्हणजे ११८ किलोवॅट. एका किलोवॅट-तासाला २२० ग्रॅम डिझेल धरलं, तर तासाला २६ किलो. ते सहा सिलेंडरांत वाटायचं, प्रत्येकात मिनिटाला १२५० फवारे. हिशेब येतो एका फवाऱ्याला ५८ मिलिग्रॅम, म्हणजे पंपाच्या हजार स्ट्रोकला सुमारे ७० सीसी. तोच आकडा ६० वर आणला, की इंजिन साधारण १३७ अश्वशक्तीचं होतं. हे गणित ढोबळ आहे. काम करताना त्या पंपाचा कंपनीचा तक्ता समोर ठेवायचा आणि त्यातल्या आकड्यापासून दहा ते पंधरा टक्के खाली यायचं. वाढवलेल्या पंपावरून पंधरा टक्के उतरलं, तर कदाचित मूळ मापालाच परत आलेलो असतो.

(दृश्य : प्लंजर आणि बॅरल, हातात धरून)

हा प्लंजर, बॅरलच्या नळीत वर-खाली होऊन डिझेल दाबणारा दांडू. अंगावर तिरकी खाच कोरलेली दिसते. प्लंजर वर जाताना खाचेची कड बॅरलच्या छिद्रापाशी आली, की दाब सुटतो आणि फवारा संपतो. रॅक, म्हणजे सगळ्या प्लंजरना एकदम फिरवणारी दांडी, सरकवली की प्लंजर फिरतो, छिद्रासमोर खाच आधी येते आणि डिझेल कमी पडतं. सगळा खेळ एवढाच. प्लंजर आणि बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट असते. जोडी एकत्रच घासून तयार होते, म्हणून या बॅरलचा प्लंजर त्या बॅरलमध्ये कधीही टाकायचा नाही.

(दृश्य : पंपाचं बाजूचं झाकण उघडलेलं)

आधी फेजिंग, म्हणजे सगळ्यांचे फवारे ठरलेल्या अंतराने सुरू होणं. एक नंबरचा प्रीस्ट्रोक (फवारा सुरू होण्याआधीची प्लंजरची चाल) लावला, की १-५-३-६-२-४ या क्रमाने प्रत्येक एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) पंपाच्या साठ-साठ अंशांवर यायला हवा, फरक फार तर अर्धा अंश. त्यानंतर सारखेपणा. नळ्यांकडे बघा, चौथी बाकीच्यांच्या वर चढलीय. हा ए टाइप पंप आहे. यात प्लंजर फिरवणाऱ्या स्लीव्हवरच्या दातेरी क्वाड्रंटचा क्लॅम्प स्क्रू सैल करून ती स्लीव्ह केसभर फिरवायची, पुन्हा आवळायची, पुन्हा मोजायचं. सहाही नळ्यांतला फरक तीनेक टक्क्यांच्या आत हवा. हे न करता नुसती एकूण मात्रा कमी केली, तर पाच सिलेंडर सुटतात आणि चौथा पूर्वीइतकाच भाजत राहतो. मग लोक म्हणतात, पंप कमी करूनही पिस्टन गेलाच.

सगळे सारखे झाले की गव्हर्नरच्या (वेगाप्रमाणे डिझेल ठरवणाऱ्या भागाच्या) बाजूचा फुल लोड स्टॉप, म्हणजे जास्तीत जास्त डिझेलची हद्द. लॉकनट, स्क्रू आणि त्यात ओवलेली शिशाची सील. स्क्रू हलवला की रॅकची शेवटची जागा बदलते. १२५० ला मोजायचं आणि ७५० लाही मोजायचं, कारण चढावर उपयोगी पडणारी ओढ त्या खालच्या वेगातच असते. तिथे जास्त कापलं गेलं तर गाडी जागची उठत नाही. ज्या गव्हर्नरमध्ये टॉर्क कंट्रोलचा स्प्रिंग आहे, त्यात खालच्या वेगाला थोडं परत देता येतं. टर्बोच्या पंपावर बूस्टची, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाप्रमाणे डिझेल सोडणारी, डबी असेल, तर तिला हवेचा दाब देऊन आणि न देता, दोन्ही मापं घ्यायची. आयडलिंग आणि स्टार्टिंगची मात्रा तक्त्याप्रमाणेच ठेवायची. तिला हात लावला तर थंडीत सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते.

(दृश्य : टॅकोमीटर, गव्हर्नरचा लिव्हर)

दुसरी गोष्ट वेगाची. २५०० फेऱ्यांना या पिस्टनची सरासरी गती सेकंदाला दहा मीटर असते. कनेक्टिंग रॉडवर येणारा जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून गव्हर्नर २२०० ला तोडला, म्हणजे डिझेल त्या वेगाला कमी होऊ लागेल असा लावला, की तो ताण जवळजवळ २३ टक्क्यांनी उतरतो. रोडवरचा ८० चा स्पीड गव्हर्नर हे काम करत नाही. तो गाडीचा वेग धरतो, इंजिनाचा नाही.

अॅक्सिलरेटरच्या खाली लाकडाचा ठोकळा किंवा नटाचा स्टॉपर लावणारेही पुष्कळ आहेत. आरएसव्हीसारख्या सर्व वेगांच्या गव्हर्नरवर त्याने काही साधत नाही. तिथे पेडल वेग मागतो, डिझेल किती सोडायचं ते गव्हर्नर ठरवतो. लोड आला की रॅक पूर्ण सरकतेच. त्याहून वाईट म्हणजे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे घेऊन गाडी 'थंड' करण्याचा उपाय. आवाज मऊ होतो, पण उशिरा पेटलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये उष्णता ढकलतं आणि टर्बो तापतो. टायमिंग कंपनीचं आहे तेच ठेवायचं.

(दृश्य : नोझल टेस्टर, फवारा)

पंप नीट करून थेंब टाकणारी नोझल परत लावणं म्हणजे पैसे वाया. नोझल बहुतेकदा नाशिकचीच, सातपूरच्या बॉशच्या कारखान्यातली. जुने मिस्त्री अजून मायकोच, म्हणजे कंपनीच्या जुन्या नावानेच, म्हणतात. टिप कोरडी राहिली पाहिजे, सगळ्या छिद्रांतून सारखा फवारा हवा. एअर फिल्टर तुंबलेला असेल किंवा इंटरकूलरचा होज फाटलेला असेल, तर आधी ते. हवाच कमी असताना डिझेल कापणं हा उपाय नव्हे. धुळीने होणारी झीज तर पंप कितीही कमी केला तरी थांबत नाही.

(दृश्य : पुन्हा घाट, तोच चढ, धूर नाही)

नुकसान किती? २५ टनांचा ट्रक, वीसास एक चढ. १६० अश्वशक्तीला तो ताशी २५ किलोमीटरने चढतो, १३७ ला साडेएकवीसने. आठ किलोमीटरच्या घाटात तीन मिनिटं जास्त. चालकाने मात्र एक गिअर आधी उतरवायला हवा. हजार-बाराशे फेऱ्यांवर इंजिन कण्हत ठेवलं, तर हवा कमी, पाणी कमी फिरतं आणि कमी केलेल्या पंपावरही तापमान चढतं. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी काडी) बसवता आला तर उत्तम. लांब चढावर काटा सातशे अंशांच्या खाली राहायला हवा.

हे सगळं यांत्रिक पंपापुरतं. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक फवारणी) आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत ताकदीचा नकाशा ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, असतो, त्यात बाहेरच्याने हात घालणं बेकायदा आणि डीपीएफलाही (एक्झॉस्टमधल्या काजळीच्या गाळणीलाही) मारक. जुन्या गाडीचा पंप बदलला तरी पीयूसी आणि आरटीओचे नियम लागूच.

(दृश्य : सील लावताना पक्कड, वहीतलं पान)

बसवताना एक नंबरचा पिस्टन टीडीसीला (सर्वांत वरच्या जागेला), टायमिंग पिन, मग हवा काढणं, मग लोडवर फेरी. शेवटी सील. दोन्ही वेगांना मिळालेली मापं, तारीख आणि गव्हर्नर तोडलेला वेग कागदावर लिहून एक प्रत गाडीच्या फाइलला, एक मालकाकडे ठेवायची. नाहीतर पुढच्या खेपेला पंप दुसऱ्या दुकानात गेला, तर तिथला माणूस तक्ता उघडून इमानदारीने पुन्हा ७० वर आणेल.