अझीझ अल-मसरी : नेमणुका आणि उचलबांगड्या

मंडळी, इजिप्तचे लष्करी अधिकारी म्हटलं की आपल्याला नासर आणि सादात आठवतात. त्या दोघांच्या पिढीनं ज्याला गुरुस्थानी मानलं, तो अझीझ अली अल-मसरी मात्र आपल्याकडं फारसा कुणाला ठाऊक नाही. ज्याच्या हाताखाली गेला त्याच्याशी भांडला, अशी त्याची ख्याती. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. निदान सुरुवातीच्या भांडणांमागं एक पक्कं धोरण होतं.

जन्म कैरोतला, १८७९च्या सुमारासचा. लष्करी शिक्षण इस्तंबूलला, म्हणजे नोकरी उस्मानी, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या, फौजेत. १९११ साली येमेनमध्ये तिथला बंडखोर नेता इमाम याह्याशी समझोता झाला, त्या वाटाघाटींत त्याचा हात होता. तिथून तो लिबियात इटालियनांशी लढायला गेला. तिथला उस्मानी सेनानी आणि पुढं युद्धमंत्री झालेला एनव्हर पाशा, त्याच्याशी अझीझचं बिनसलं आणि ते काही पुन्हा जुळलं नाही.

पुढं त्यानं फौजेतल्या अरब अधिकाऱ्यांची ‘अल-अहद’ नावाची गुप्त संघटना काढली. इराकचा भावी पंतप्रधान नुरी अल-सईद तिच्यातलाच. आता ही संघटना मागत काय होती? फुटून निघणं नव्हे. ऑस्ट्रिया-हंगेरीसारखं दुहेरी राज्य: सुलतान एकच, पण तुर्क आणि अरब बरोबरीचे भागीदार. एवढं मागणंही एनव्हरला खपलं नाही. १९१४च्या फेब्रुवारीत अझीझला अटक झाली, लिबियातल्या पैशाच्या अफरातफरीसारखे आरोप ठेवले गेले आणि थेट मृत्युदंड सुनावला गेला. कैरोत गहजब उडाला, इंग्रजांनी रदबदली केली, तेव्हा कुठं सुटका होऊन तो इजिप्तला परतला.

असा माणूस तुर्कांवर सूड उगवायला टपलेला असणार, असंच कुणालाही वाटेल. १९१६ साली मक्केचा अधिपती शरीफ हुसेन यानं तुर्कांविरुद्ध बंड केल्यावर अझीझला त्याच्या फौजेची उभारणी करायला बोलावलं. पण त्याला हवी होती कवायती, शिकलेली फौज. शिवाय तुर्कांशी तडजोडीचं दार उघडं ठेवायचं होतं. शरीफला टोळीवाल्यांचा भरवसा जास्त, आणि अशी फौज उद्या आपल्यालाच गिळेल ही धास्ती. काही महिन्यांतच अझीझ घरी.

१९३५ साली युवराज फारूकला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं, तेव्हा सोबत अहमद हसनैन आणि अझीझ असे दोन पालक दिले. अझीझ शिस्तीचा, हसनैन सांभाळून घेणारा. पंधरा वर्षांच्या पोराला कोण आवडलं असेल, ते वेगळं सांगायला नको!

१९३९ साली तो इजिप्तच्या लष्कराचा प्रमुख झाला. जर्मन फौजेचं त्याला भारी कौतुक. इंग्रजांनी दबाव आणून वर्षभराच्या आतच त्याला हटवलं. मग १९४१चा मे महिना. दोन तरुण वैमानिकांना घेऊन हवाई दलाच्या विमानातून देशाबाहेर निसटण्याचा त्यानं घाट घातला. गडबडीत इंजिनाच्या तेलाची तोटी बंद राहिली, इंजिन तापलं आणि कैरोच्या उत्तरेला, कल्यूबजवळ, विमान खाली आलं. तिघेही वाचले, काही दिवस लपले आणि शेवटी सापडले. शत्रूचा शत्रू तो मित्र, हा हिशेब त्या काळी आपल्याकडंही मांडला गेला होता. तरी हिटलरची राजवट कसली आहे हे १९४१पर्यंत गुपित राहिलेलं नव्हतं, आणि इथं मी अझीझची बाजू घेणार नाही.

क्रांतीची तयारी करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी त्याला नेतृत्व करायची गळ घातली होती. त्यानं नकार दिला आणि तो मान मुहम्मद नगीबकडं गेला. १९५२ची क्रांती यशस्वी झाल्यावर नव्या सरकारनं सत्तरी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याला राजदूत म्हणून मॉस्कोला धाडलं. याला कुणी गौरव म्हणतं. मला त्यात सोय जास्त दिसते: ज्याच्या शब्दाला बराकीत वजन आहे, असा भांडकुदळ वडीलधारा कैरोपासून लांब असलेलाच बरा.