काटा हलत नाही तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात, नौपाड्यात, गेली बरीच वर्षं मी आहाराचा सल्ला देते. माझ्याकडे येणारी माणसं साधारण तिसऱ्या महिन्यात खचतात. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलेले असतात, घरात कौतुक झालेलं असतं. मग महिनाभरात एक किलो, पुढच्या महिन्यात पाऊण, आणि त्यानंतर तीन आठवडे काटा तिथल्या तिथे. "मॅडम, भात निम्म्यावर आणला, चहातली साखर सोडली, रोज उपवनला फेऱ्या मारते, आणि वजन ढिम्म हलत नाही. कशासाठी करायचं हे सगळं?" आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे. कारण उत्तम चाललेली माणसं नेमकी इथे येऊन सोडून देतात, आणि ते मला बघवत नाही.

मुळात तो पहिला आठवडा आपला अंदाज चुकवतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये साखरेचा एक साठा असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो साधारण अर्धा किलोपर्यंत असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की शरीर आधी या साठ्याला हात घालतं आणि ते पाणी लघवीवाटे निघून जातं. काटा भराभर खाली येतो, पण त्यात चरबी थोडीच असते. चरबी उतरण्याचा वेग पहिल्यापासून संथच असतो. पाणी जाऊन झाल्यावर तो आपल्याला दिसू लागतो, इतकंच.

आता हा वेग किती असावा? १ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. संध्याकाळी स्टेशनबाहेर उतरल्यावर खाल्लेला एक वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. तो रोज टाळला, बाकी सगळं होतं तसंच ठेवलं, तर महिन्याच्या ९००० कॅलरी वाचतात. म्हणजे १ किलो आणि वर थोडंसं. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात एखादं बारसं असतं, एखादा आजारपणाचा आठवडा असतो. शिवाय वजन उतरत जातं तसं त्या हलक्या शरीराला चालायला, जिने चढायला इंधनही कमी लागतं, त्यामुळे पुढचे किलो आणखी सावकाश जातात. तेव्हा महिन्याला पाऊण किलो उतरत असेल, तर तुमच्या जिद्दीत काहीही कमी नाही. तुमचं काम चोख चालू आहे.

उलट बाजूनेही हाच हिशेब करून बघा. रविवारी कल्याणला साखरपुडा झाला, सोमवारी सकाळी काटा दीड किलो वर. डोळ्यांत पाणी येतं. पण दीड किलो चरबी अंगावर चढायला रोजच्या जेवणाखेरीज साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. म्हणजे अडतीस वडापाव! एका दिवसात कुणी खाल्लेत का? ते वाढलेलं वजन असतं पापड-लोणच्यातल्या मिठाने धरून ठेवलेलं पाणी, पुन्हा भरलेला ग्लायकोजेनचा साठा आणि पोटात अजून असलेलं अन्न. रोजचं जेवण सुरू झालं की दोन-चार दिवसांत ते उतरतं. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवस असेच. तेव्हाचं वजन आदल्या आठवड्याशी ताडून बघू नका, मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडा. आणि वजन करायचं तर घरच्या एकाच काट्यावर, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. सोसायटीच्या जिममधला काटा वेगळा, दवाखान्यातला वेगळा. त्यांची तुलना करून मन खट्टू करण्यात अर्थ नाही.

रेल्वे स्टेशनांवर पूर्वी लुकलुकत्या दिव्यांची वजनयंत्रं असत, आठवतात? नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर यायचं. त्यावर वजन आणि सोबत भविष्य. मला वाटतं, काट्यावरचा आकडा भविष्यासारखा वाचायची आपली सवय अजून गेलेली नाही. आकडा चांगला आला की दिवस चांगला, नाही आला की सगळं व्यर्थ.

म्हणूनच मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्या दोन्ही आपल्या देशातल्या आहेत.

पहिली पुण्याची. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचंही अगदी सारखं होतं, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याच्या दृष्टीने दोघं सारखेच, पण आत केवढा फरक! आपल्याकडे दिसायला बारीक माणसांच्याही पोटाभोवती चरबी असते, आणि मधुमेहाचा धोका त्या चरबीतून येतो. म्हणजे आपल्याला उतरवायची आहे ती पोटाची चरबी, आणि ती किती उतरली हे एकटा काटा सांगूच शकत नाही.

दुसरी गोष्ट चेन्नईची. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. एका गटाला नेहमीचा सल्ला दिला. दुसऱ्या गटाला रोज निदान अर्धा तास भरभर चालायला लावलं, साखर आणि तेलतूप कमी करायला, तंतुमय पदार्थ वाढवायला सांगितलं. तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला होता, तर दुसऱ्या गटात सुमारे ३९ जणांना. आता पुढचं नीट ऐका. या दुसऱ्या गटाच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालेलीच नव्हती! काटा जवळजवळ तिथेच होता, आणि तरी इतक्या माणसांचा मधुमेह टळला. "वजन हलत नाही, मग कशासाठी चालू?" असं मला कुणी विचारलं की मी हा अभ्यास सांगते. पुन्हा पुन्हा सांगते.

मग बघायचं काय? शिंप्याकडची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. काटा अडलेला असताना टेप एखाद-दोन सेंटिमीटर सरकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. त्याखेरीज उपवनकडून येऊरचा चढ चढताना कितीदा थांबावं लागतं, बेलापूरला पारसिक हिलवर गप्पा मारत जाता येतं का, ठाणे स्टेशनचा पूल चढून गेल्यावर धाप लागते का, हेही लिहून ठेवा. आणि तीन-चार महिन्यांनी साखर, रक्तदाब तपासून घ्या.

राहिला उत्साह. तो रोज येत नाही, त्याच्यावर विसंबू नका. संध्याकाळी साडेसातच्या लोकलमधून चेंगरून आलेल्या बाईला व्यायामाचा हुरूप कुठून येणार? त्यापेक्षा रोजच्या वाटेतच चालणं घाला. शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी गोखले रोडने चालत घरी या. वाशी-नेरुळला राहत असाल तर एक स्टेशन आधी उतरून चालत या. जुलैत पाऊस धो धो कोसळतो, तेव्हा सोसायटीचे जिने आहेत. एक सोबतीण शोधा. ती खाली थांबली आहे म्हटल्यावर पाय आपोआप निघतात. उपाशी मात्र राहू नका. उपाशीपोटी चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दोन्ही जेवणांत उसळ, डाळ, ताक, अंडं असं काहीतरी हवंच. आपल्या आगरी-कोळी घरांतली तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण हे उत्तम जेवण आहे. भाकरी एक कमी करा, मासा नको. आणि झोप! अपुऱ्या झोपेने भूक वाढते. रात्री बारापर्यंत मोबाइल बघत बसाल तर दिवसभराच्या संयमाची कसोटी लागते.

घरच्यांनाही एक विनंती. "एवढं करतेस, पण दिसत तर काही नाही," हे वाक्य कृपा करून बोलू नका. त्याऐवजी तेवढा वेळ कुकर तुम्ही लावा, तिला चालायला जाऊ द्या.

शेवटी एक महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि तीन महिने मनापासून करूनही वजन आणि घेर दोन्ही तसेच असतील, सोबत थकवा असेल, केस गळत असतील, पाळी अनियमित असेल, तर स्वतःला दोष देत बसू नका. थायरॉइड तपासून घ्या, पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, आहे का ते विचारा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही वजन वाढतं.

नमस्कार.