मेळघाटातले तीन आणि चार

नमस्कार श्रोतेहो.

धारणीच्या नाहीतर चिखलदऱ्याच्या बाजारात कधी गेलात, तर एखाद्या कोरकू आजीला म्हणा, "आजी, चारपर्यंत मोजून दाखवा ना." ती म्हणेल, "मिया, बारी, आफई, उफुन." शेवटचे दोन आकडे कानात धरून ठेवा. आता व्हिएतनामीतले तीन आणि चार ऐका: बा, बोन. कंबोडियाच्या ख्मेरमध्ये बेई, बुओन. आपल्या संथाळांचे पे, पोन.

हा योगायोग नाही. संथाळी, मुंडारी, खासी, ख्मेर, व्हिएतनामी या सगळ्या एकाच ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या, आणि या कुळाचं पश्चिमेचं शेवटचं टोक म्हणजे आपली कोरकू. मेकाँगच्या काठावरचे आकडे सातपुड्यात बोलले जातात, हे मला फार मोलाचं वाटतं.

ही माणसं आली कशी? कोरकू, संथाळी, मुंडारी या मुंडा गटाच्या भाषा. त्या बोलणाऱ्या पुरुषांत बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र बऱ्याच जणांत आग्नेय आशियातलं निघतं. आईकडून येणारा वारसा मात्र जवळपास सगळा इथलाच. म्हणजे साधारण ४००० वर्षांपूर्वी आलेल्यांत पुरुष जास्त होते आणि त्यांनी इथल्या बायकांशी संसार मांडले. भाषा टिकली ती बापाची. मग त्या आया आधी काय बोलत असतील? लिपी नव्हती, आणि हाडं काही बोलत नाहीत.

त्यांच्या बोलीचा माग आता लागणार नाही. पण या डोंगररांगांत फार जुना थर होता, याची एक खूण जवळच आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारी दोन-अडीच हजार माणसं आहेत. निहालीत कोरकूचे शब्द भरपूर, मराठी-हिंदीचे आहेत, द्रविडीही आहेत. ते सगळे बाजूला काढले, तरी एक गाभा उरतो आणि तो जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. पाण्याला जोप्पो, एकाला बिडुम. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली यावर पुस्तक लिहिलं. संस्कृत, द्रविड, मुंडा या तिन्हींच्या आधीचं हे काही असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

निहाली घरातलं कुणी हे ऐकत असेल, तर माझी एक विनंती आहे. आज संध्याकाळी आजीजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि तिला लहानपणची गोष्ट सांगायला लावा. तिच्याच भाषेत.