घाम आला म्हणजे सीपीआर चांगला झाला असं नाही

बसा बसा, सिस्टर लोकांनो तुम्ही पण पुढे या, मागे फॅनखाली झोप येते.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबत राहणं आणि श्वास देणं, ते संपल्यावर कोणी कधी म्हणालंय का की सॉरी, माझी कॉम्प्रेशन्स, म्हणजे छातीवरचे दाब, उथळ पडत होती? मी तरी इतक्या वर्षांत ऐकलं नाही. आपण घामाघूम होतो, मनगटं भरून येतात, त्यामुळे वाटतं की भरपूर दिलं. आता हे चांगल्या हॉस्पिटलमध्ये होत नसेल असं वाटत असेल तर शिकागो युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलचंच सांगते. तिथे ६७ पेशंटच्या वेळी सेन्सर लावलेल्या डीफिबने, म्हणजे शॉक द्यायच्या मशीनने, पहिल्या ५ मिनिटांचं सगळं मोजलं, २००५ मध्ये छापून आलं ते. प्रत्येक ३० सेकंदांचा तुकडा वेगळा बघितला तर २८ टक्के तुकड्यांत स्पीड मिनिटाला ९० च्याही खाली, ३७ टक्क्यांत खोली कमी, आणि श्वास द्यायची अँबू बॅग मात्र ६१ टक्के तुकड्यांत मिनिटाला २० पेक्षा जास्त वेळा दाबलेली. सगळे ट्रेन्ड लोक बरं का, कोणी नवशिके नाही.

स्पीड १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर हे तुम्हाला पाठ आहे, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय ते थांबण्याबद्दल. गावाकडचा हापसा आठवा, पहिले चार-पाच हिसके कोरडेच जातात, मग धार लागते, आणि हात काढला की पाणी परत खाली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर तसंच असतं, हळूहळू चढतं आणि थांबलात की लगेच पडतं. म्हणजे पल्स बघायला १० सेकंद म्हणून थांबलो तर नुकसान १० सेकंदांचं नसतं, परत धार लागेपर्यंतचा वेळ पण त्यातच धरायचा. म्हणून एकूण वेळातला किती वेळ छातीवर खरंच कॉम्प्रेशन चालू होतं ते बघतात, ६० टक्क्यांच्या खाली तर नाहीच जायचं, ८० च्या वर गेलात तर उत्तम.

आता मशीन म्हणतं ते पण डोळे झाकून घेऊ नका. छातीवर ठेवायचा सेन्सर तो स्वतः किती खाली गेला तेवढंच मोजतो, खाली मऊ गादी असेल तर गादी दबते तीही त्यात येते, स्क्रीनवर ५ सेंटीमीटर आणि छाती दबली चारच. म्हणून पाठीखाली बोर्ड सरकवा आणि एअर मॅट्रेस असेल तर हवा सोडा, पण बोर्ड शोधायला कॉम्प्रेशन थांबवू नका हो, असंही बघितलंय मी!

महागडा सेन्सर नसला तरी इंट्युबेट केलेल्या, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकलेल्या, पेशंटला कॅप्नोग्राफ लावता येतो ना, बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड बाहेर यायला तिथपर्यंत रक्त पोचायला लागतं, त्यामुळे आकडा १० mmHg च्या खाली रेंगाळत असेल तर आधी दाबणाऱ्याचा हात बघा, दमला असेल तर बदला. तो स्वतः सांगणार नाही, दमलोय हे त्याला कळतच नाही, म्हणून २ मिनिटांनी बदलायचंच, विचारायचं नाही. आणि आकडा एकदम ३५-४० वर उडाला तर हृदय परत चालू झालं असण्याची शक्यता खूप.

शिकागोवाल्यांनी नंतर, दाब कसे पडतायत ते बोलून सांगणारं डीफिब तर वापरलंच, वर दर आठवड्याला रेसिडेंट्सना बसवून त्यांच्याच केसेसचं रेकॉर्डिंग दाखवलं. हृदय परत चालू होण्याचं प्रमाण आधीच्या काळात ४४.६ टक्के होतं ते ५९.४ वर गेलं. घरी जाणारे पेशंट मात्र वाढले नाहीत, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर मशीन विकणारा आणि मी यात फरक काय? पण मला वाटतं खरा जोर त्या बैठकीत आहे, कारण केस चालू असताना मशीन कितीही ओरडलं तरी त्या गोंधळात ऐकतंय कोण.

आपण गुरुवारी दुपारी अर्धा तास बसायचं. कोणाला मेमो नाही, कोणाचं नाव नाही, फक्त ग्राफ. पहिला माझाच लावणार आहे, ट्यूब टाकायच्या नादात मी ४१ सेकंद सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं, आणि मला शपथेवर विचारलं असतंत तर मी दहाच सांगितले असते.

चला, आता दोघं दोघं मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, या, मोबाइलवर मेट्रोनोम ११० ला लावा. आणि बांगड्या काढा.